लाल टेस्ट पाठवू नये

२ ऑगस्ट

दाढी म्हणाला, "रोज थोडं लिहीत जा. डोक्यातली वाफ वहीत सोड, लोकांवर नको." दाढी म्हणजे माझा कॉलेजपासूनचा मित्र आणि 'पाळीपत्रक'चा माझ्याइतकाच जुना हमाल. तर ही सुरुवात.

'पाळीपत्रक' हे आमचं फुकट सॉफ्टवेअर. हॉस्पिटलातल्या नर्सना सकाळ, दुपार, रात्र अशा पाळ्या लावून देतं. कोड सगळ्यांना खुला. कुणीही वाचावा, कुणीही सुधारावा. आजवर सुधारायला आलेले लोक दोन, दाढी आणि मी. सुरुवात केली ती बायकोसाठी. ती नर्स आहे, आणि तिच्या वॉर्डच्या इन-चार्ज सिस्टर दर महिन्याला पत्रक मांडताना रडकुंडीला यायच्या. आता तिथे आमचंच चालतं.

आता एका मोठ्या हॉस्पिटल संघाला ते हवं आहे, त्यांच्या सगळ्या हॉस्पिटलांसाठी. दहा सप्टेंबरला त्यांची समिती बसेल. अट एकच: सॉफ्टवेअरचा ऐंशी टक्के भाग टेस्टखाली आलेला हवा. आमचा निम्माही नाही. दिवसभर लिफ्टच्या सुट्या भागांच्या कंपनीत नोकरी करून मी एवढ्या टेस्ट लिहायच्या कधी? म्हणून एका कॉलेजच्या मास्तरांशी बोललो. त्यांच्या मुलांना खुल्या प्रकल्पात काम केल्याचे मार्क मिळतील, आम्हाला टेस्ट मिळतील. समितीने हो म्हटलं तर इतक्या वर्षांची हमाली कारणी लागली म्हणायची.

ही अजून झोपली आहे. काल सकाळी रात्रपाळी करून आली, अंघोळ केली, दोन घास खाल्ले आणि दुपारी परत ड्यूटीवर गेली. परत आल्यावर चेहरा असा, की विचारायची सोय नाही. तरी विचारलं. म्हणाली, "तुझ्या पत्रकाला विचार."

महिना सुरू झाला की हिचं काहीतरी बिनसतंच.

७ ऑगस्ट

मुलं आली. टेस्टही आल्या. देवा.

पहिली टेस्ट: सॉफ्टवेअर सुरू होतं का? होतं. दुसरी: सॉफ्टवेअर बंद होतं का? होतं. तिसऱ्याने दोन अधिक दोन चार होतात का ते तपासलंय. अकरा जणांनी एकच टेस्ट पाठवली आहे, एकाच शुद्धलेखनाच्या चुकीसह. एकाने आपलं रसायनशास्त्राचं जर्नल चिकटवलंय. त्याला लिहिलं, "हे चुकून आलं का?" उत्तर आलं, "सर मंजूर करा ना प्लीज, उद्या सबमिशन आहे."

मी टेबलावर डोकं आपटत होतो तेव्हा आईने विचारलं, "ही टेस्ट म्हणजे काय रे असतं?"

म्हटलं, "छोटा प्रोग्रॅम असतो. तो सॉफ्टवेअरला एक प्रश्न विचारतो. उत्तर आपल्याला आधीच माहीत असतं. जुळलं तर पडद्यावर हिरवी खूण, नाही जुळलं तर लाल."

"आणि ते आधीचं उत्तर ही पोरं कुठून आणतात?"

मी पाहिलं. पोरं सॉफ्टवेअर चालवतात, त्याने जे दिलं ते उचलतात आणि 'हे बरोबर उत्तर' म्हणून टेस्टमध्ये ठेवतात.

"म्हणजे उत्तरपत्रिका बघूनच प्रश्नपत्रिका काढली की," आई म्हणाली. "मग नापास कोण होणार?"

तिला म्हटलं, तू चहा टाक.

११ ऑगस्ट

'नव्यांसाठी सूचना' असं पान लिहून प्रकल्पाच्या दारातच लावलं. सौम्य भाषेत. एक, आधी वाचा. दोन, दुसऱ्याची टेस्ट उचलू नका. तीन, एका टेस्टमध्ये एकच गोष्ट तपासा. चार, पाठवण्याआधी टेस्ट स्वतः चालवा. लाल टेस्ट पाठवू नये, ती तपासली जाणार नाही. अशा एकूण नऊ.

चौथी सूचना मी ठळक केली, कारण अर्ध्या मुलांच्या टेस्ट लाल येत होत्या आणि प्रत्येक वेळी दोष त्यांचाच निघत होता. कुठे स्वल्पविराम, कुठे तारीख उलटी. त्या निस्तरण्यात माझा अख्खा रविवार गेला.

दाढीला पान वाचून दाखवलं. तो फोनवर नुसता खाकरला.

"काय झालं?"

"काही नाही. पोलीस चौकीत आल्यासारखं वाटलं."

"तू ये की मग टेस्ट तपासायला."

"मी आहेच रे," तो म्हणाला. गेल्या वर्षापासून तो फक्त 'आहेच'.

१४ ऑगस्ट

मास्तरांचा फोन.

"सर, तुमच्याकडे मुलांचं काम फार अडकतंय हो."

"कारण ते काम नसतं."

"अहो, शिकताहेत. पोरं आहेत."

"मास्तर, एकाने पाळ्यांच्या यादीत स्वतःच्या मैत्रिणीचं नाव घालून तिला महिनाभर सुट्टी दिली आहे."

"मग?" मास्तर म्हणाले. "टेस्ट पास झाली का?"

झाली होती. हिरवी. मंजूर केली. त्रेपन्न टक्के.

आता लक्षात येतंय, की मुलं वाईट नाहीत. त्यांना नियम कळले की ती नियमाने वागतात. चौथ्या सूचनेनंतर एकही लाल टेस्ट आलेली नाही. मला म्हणायचंय ते हेच. माणसाला स्पष्ट सांगावं लागतं.

१९ ऑगस्ट

लिहिलं आणि दृष्ट लागली. आज एक लाल आली.

पाठवणारीच्या प्रोफाइलवरच्या चित्रात खार आहे, म्हणून मी तिला खारूताई म्हणतो. टेस्ट नीटनेटकी, अक्षर न अक्षर जागेवर. प्रश्न असा: एखादीची महिन्याच्या शेवटच्या तारखेला रात्रपाळी असेल तर पुढच्या महिन्याच्या एक तारखेला तिला काय लागेल? तिचं अपेक्षित उत्तर 'सुट्टी'. सॉफ्टवेअर म्हणतं 'दुपार'. म्हणून लाल.

खाली टीप: "सर, माझी आत्या नर्स आहे. बरोबर उत्तर काय हवं ते तिला विचारून लिहिलं आहे."

आत्याला विचारून! सॉफ्टवेअर शेजारी बसलंय, त्याला विचारायचं सोडून आत्याला! उद्या कुणी मावशीला विचारेल. रात्रपाळीनंतर सुट्टी हा नियम आमच्यात पहिल्या दिवसापासून आहे. त्याच्या टेस्ट मी स्वतः लिहिल्यात, पाच तारखेच्या, बाराच्या, वीसच्या. सगळ्या हिरव्या. या मुलीनेच काहीतरी उलटं भरलं असणार.

"सूचना क्रमांक चार वाचावी," एवढंच लिहून परत पाठवली.

२३ ऑगस्ट

खारूताई चिवट आहे. तीच टेस्ट, पुन्हा लाल. या वेळी लिहिलंय, "सर, मी तीनदा चालवून पाहिली. माझी चूक सापडत नाही. तुम्ही एकदा बघाल का?"

एकदा बघाल का! इकडे दीडशे टेस्ट रांगेत उभ्या. समितीच्या अध्यक्षबाईंचा निरोप आलाय, आकडा किती झाला म्हणून. आकडा एकोणसत्तर. मी लिहिलं, "सगळ्यांची हिरवी येते, फक्त तुमचीच लाल येते, तर दोष कुठे असेल याचा विचार करावा." वाचल्यावर जरा कडक वाटलं. पण पाठवलं.

जेवताना हिला म्हटलं, "एका मुलीने आत्याला विचारून टेस्ट लिहिली."

ही म्हणाली, "बरं केलं. कुणाला तरी विचारलं."

"म्हणजे?"

"म्हणजे भाजी घे."

आई म्हणाली, "हिची रात्रपाळी बरी नेमकी महिन्याच्या शेवटीच येते रे. दर महिन्याला बघते मी."

मी आईला समजावलं, की सॉफ्टवेअर सगळ्यांना समान वाटप करतं, असा योगायोग होतो कधी कधी. ही ताट उचलून उठली. अर्धी पोळी ताटात तशीच.

२७ ऑगस्ट

आजचा दिवस सोन्याचा. एक्याऐंशी टक्के!

आणि ऐंशीचा टप्पा ओलांडून दिला कुणी? खारूताईने. शेवटी शहाणी झाली. तीच टेस्ट, पण आता हिरवी. अपेक्षित उत्तर 'सुट्टी' होतं ते काढून 'दुपार' केलंय. टीप: "सूचना क्रमांक चारप्रमाणे दुरुस्त केली आहे. त्रास दिल्याबद्दल सॉरी सर."

मी मंजूर केली आणि वर शाबासकीचा अंगठाही दिला. तो मी सहसा कुणाला देत नाही. दाढीला फोन करून सांगितलं, बघ, कडक राहिलं की मुलं शिकतात. तो म्हणाला, "हं." त्याचं 'हं' मला अलीकडे आवडत नाही.

अध्यक्षबाईंना आकडा कळवला. त्यांचं उत्तर: "उत्तम. दहा तारखेला भेटू."

२ सप्टेंबर

काल हिच्या हॉस्पिटलात गोंधळ झाला. दुपारच्या ड्यूटीत हिने दोन पेशंटचं रक्त काढलं आणि नळ्यांवरच्या चिठ्ठ्या उलटसुलट लावल्या. लॅबमधल्या बाईंना शंका आली म्हणून त्यांनी फोन केला, पुन्हा रक्त घेतलं, निभावलं. लक्षात आलं नसतं तर एकाला दुसऱ्याच्या गटाचं रक्त चढलं असतं. हिला मेमो मिळालाय. लेखी खुलासा द्यायचाय.

इतक्या वर्षांत हिच्या हातून अशी चूक नाही. मी म्हटलं, "अगं, लक्ष कुठे होतं तुझं?"

हिने आवाज चढवला नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"परवा सकाळी उठले ती काल संध्याकाळी खुर्चीत बसले," ती म्हणाली. "मधे दोन तास डोळा लागला. घरात मी सोडून बाकी सगळी जागी होती, आणि बाहेर कुणीतरी भिंतीला ड्रिल लावलं होतं."

"पण रात्रपाळीनंतर तर सुट्टी असते."

"असते?"

"म्हणजे सॉफ्टवेअर देतंच. इन-चार्ज सिस्टरनी हाताने बदललं असेल."

"मी तुला जूनमध्ये सांगितलं होतं," ती म्हणाली. "तेव्हाही तू हेच म्हणालास." आणि आत जाऊन झोपली.

जूनमध्ये काय सांगितलं होतं, मला खरंच आठवत नाही. त्या आठवड्यात माझी लिफ्टवाल्यांकडे डेडलाइन होती.

४ सप्टेंबर

हिला खुलाशाला जोडायला मागच्या महिन्याचं पत्रक हवं होतं. वॉर्डात ते मिळणार नाही. तिथे एक तारीख उजाडली की फळ्यावरचं जुनं पत्रक फाडून टाकतात आणि नवं लावतात. म्हणून मला म्हणाली, छापून दे.

दोन्ही छापली. सेलोटेप आणायला आईने शेजारच्या खोलीत पाठवलं, तेवढ्यात हिने दोन्ही पत्रकं शेजारी शेजारी जुळवून ठेवली. एकतीस ऑगस्टला लागून एक सप्टेंबर. परत आलो तर हिचं बोट त्या दोन चौकोनांवर होतं. रात्र. दुपार.

कुणीही हाताने बदललं नव्हतं. सॉफ्टवेअर प्रत्येक महिना कोऱ्या पाटीवर सुरू करतं. काल कोण रात्रभर जागलं होतं ते एक तारखेला त्याला माहीतच नसतं. म्हणूनच दर महिन्याला तोच क्रम, तोच गट, तीच शेवटची रात्र. आईने जेवताना सांगितलं ते हेच.

मी आधी टेस्ट उघडल्या. इतकी मोठी चूक टेस्टने पकडली कशी नाही, याचाच संताप. शोधत गेलो. माझ्या टेस्ट पाच, बारा, वीस तारखेच्या, महिन्याच्या मधल्या. एक तारखेची एकच सापडली. हिरवीगार. खार बसलेली. 'दुपार' हेच बरोबर उत्तर म्हणून मी सही करून घेतलेली, वर अंगठा.

हिला दाखवलं. तिने टेस्ट वाचली, तिच्या आधीच्या दोन वाचल्या, माझी उत्तरं वाचली.

"ही पोरगी आहे कुठे?" तिने विचारलं.

"माहीत नाही. असेल कुठेतरी. तिचे मार्क मिळाले, गेली."

"तिला शोध."

"आधी कोड दुरुस्त करू का?"

"आधी तिला शोध."

५ सप्टेंबर

खारूताईला लिहिलं. चारदा खोडलं. 'तुमचं बरोबर होतं' हे वाक्य लिहायला मला अख्खा चहा लागला. तुमची पहिली टेस्ट परत पाठवाल का, असं विचारलं.

दुपारी उत्तर. "सर, ती मी पुसून टाकली. सूचनांमुळे. पुन्हा लिहू का? पण ती लालच येईल. चालेल ना?"

चालेल ना! मी इथे डोक्याला हात लावून बसलोय आणि ही विचारतेय चालेल ना. लिहिलं, "लालच हवी."

तासाभरात आली. मंजूर केली. प्रकल्पाच्या पानावर पहिल्यांदाच लाल पट्टा उमटला, आणि पंधरा मिनिटांत नऊ मुलांचे निरोप: "सर, कुणीतरी लाल टेस्ट घुसवली आहे, काढून टाका." एकाने चौथी सूचना मलाच उतरवून पाठवली.

दाढीचा फोन आला. "लाल पट्टा बघितला. समितीला आठवडाही उरला नाही."

"माहीत आहे."

"तोपर्यंत काढून ठेवता येईल. कुणाला कळणार नाही."

"तू सांगतोयस हे?"

"मी विचारतोय," तो म्हणाला, "तुझ्या मनात येऊन गेलं का."

येऊन गेलं होतं. सकाळी दात घासताना. त्याला सांगितलं नाही.

१० सप्टेंबर

समिती. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, अध्यक्षबाई आणि दोघे. मी बसल्या बसल्या सांगून टाकलं, की महिना बदलताना पाळ्या चुकतात, रात्र करून आलेल्या नर्सला त्याच दिवशी दुपार लागते, दुरुस्त होईपर्यंत वापरू नका.

अध्यक्षबाईंनी कागद उलटला. "पण टेस्ट तर ऐंशीच्या वर आहेत."

"आहेत."

"आणि एक सोडून सगळ्या हिरव्या."

"हो."

"मग एका लाल टेस्टसाठी एवढं काय?"

"मॅडम, ती एकच टेस्ट माणसाला विचारून लिहिली आहे. बाकीच्या सॉफ्टवेअरलाच विचारून लिहिल्यात."

डावीकडच्या गृहस्थांनी विचारलं, "हे तुम्ही आम्हाला का सांगताय?" त्यांना खरोखरच कळत नव्हतं.

दुरुस्त झालं की कळवा, म्हणाल्या. लग्नाला बोलावलं की लोक 'नक्की येऊ' म्हणतात, त्या सुरात.

हेच सगळं लिहून हिच्या हॉस्पिटललाही दिलं. मेमो मागे घेतला नाही, पण त्यावर 'सदोष पत्रकामुळे' असा शेरा मारून मिटवला. मला वाटलं, ही खूश होईल.

"इतके दिवस मी सांगत होते, तेव्हा कुणाला ऐकू आलं नाही," ती म्हणाली. "तू एक कागद लिहिलास आणि लगेच पटलं सगळ्यांना."

यावर काय म्हणायचं? काहीच म्हटलं नाही. पहिल्यांदा बरोबर केलं असावं, कारण तिने माझ्या पानात भाजी वाढली.

२८ सप्टेंबर

दुरुस्ती वाटली त्याहून किचकट. एक महिना दुसऱ्याला जोडला की रजा बिघडतात, रजा जोडल्या की बदलीवर आलेल्या नर्स दिसेनाशा होतात. महिनाअखेरच्या आत होणार नाही. हिच्या वॉर्डात तोवर इन-चार्ज सिस्टर पेन्सिल घेऊन बसल्या आहेत. "तुमच्या मिस्टरांना सांगा, मला आठवण येतच होती पेन्सिलीची," असा निरोप पाठवलाय.

सूचनांचं पान पुन्हा लिहिलं. दाढीला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "आधी नऊ सूचना होत्या, आता चौदा झाल्या."

"पण यात म्हटलंय ना, लाल टेस्ट आली तर घाबरू नका, पाठवा."

"ते कितव्या क्रमांकावर?"

तेराव्या. काढतो म्हटलं बाकीच्या. काढवत नाहीत. दोन काढल्या.

१ ऑक्टोबर

काल हिची महिन्यातली शेवटची रात्रपाळी. सकाळी आली, खाल्लं, खोलीचं दार लावून घेतलं. आज सुट्टी, पेन्सिलीने लिहिलेली. दुपारचे दोन वाजून गेले तरी घरात आवाज नाही. आईने कुकरसुद्धा लावला नाही. म्हणे, शिट्टी होईल.

मी कामावर रजा टाकून बाहेरच्या खोलीत कोड उघडून बसलोय. लाल पट्टा अजून लालच. त्यात खारूताईचा निरोप वाजला आणि आईने असं बघितलं, की मी फोनचा आवाज बंद करून तो उशीखाली घातला.

नवी टेस्ट पाठवली आहे. मार्कांचा आता काही संबंध नाही, सत्र संपलं. प्रश्न: सुट्टीवरून परतलेल्या नर्सला पहिल्याच दिवशी रात्र लागू नये. चालवून बघितली. लाल. खाली टीप: "सर, ही पण लाल आली. सॉरी."

पहिल्यांदा चीडच आली. आज जरा श्वास घेणार होतो. मग तीही लाल, आणि वर सॉरी!

लिहिलं, "सॉरी कशाला? अशा अजून आहेत का?"

उत्तर आलं:

"आहेत सर. बऱ्याच आहेत. आत्याला विचारून ऑगस्टमध्येच लिहिल्या होत्या. सगळ्या लाल येत होत्या म्हणून पाठवल्या नाहीत."

आत हिने कूस बदलल्याचा आवाज आला. मी थांबलो. पुन्हा सगळं शांत झालं, तेव्हा हळूच टाइप केलं, "पाठव. सगळ्या."